वाराचं जेवण

शाळेत झोपायचं आणि गावात जेवायचं, असा तिथला नेम होता.

ग्वाटेमाला देशाच्या पश्चिम भागात केत्साल्तेनांगो नावाचं शहर आहे. लोक त्याला शेला म्हणतात. शहर २३०० मीटरच्या वर, त्यामुळे बाराही महिने थंडी. तिथून समुद्राच्या अंगाला उतरू लागलं की हवा दमट होत जाते, केळीची पानं दिसू लागतात आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झाडं. आंबा घाट उतरून साखरप्याला यावं, अगदी तस्सं. अमेरिकेतल्या शाळांनी मोडीत काढलेल्या बशी इथे रंगवून, आरसे-झालरी लावून पळवतात, तसल्या एका बशीतून मी २०१६ च्या जून महिन्यात तिथे उतरले. पाऊस नुकताच सुरू झाला होता. मातीचा वास आला आणि मला वाटलं, राजापुरात उतरले.

मी नर्स आहे. कॅलिफोर्नियातल्या ज्या हॉस्पिटलात काम करते तिथे निम्मे रुग्ण स्पॅनिश बोलणारे. पंधरा वर्षं ‘दोलोर?’ म्हणजे ‘दुखतं का?’ एवढ्या एका शब्दावर निभावलं. एकदा एका म्हातारीचा हात धरून मी अर्धा तास बसले होते. ती बोलत होती आणि मी मान हलवत होते. ती गेली. शेवटचं काय बोलली ते मला कळलं नाही, आणि तिच्या मुलाने विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. मग पाच आठवड्यांची रजा साठवली आणि या डोंगरातल्या शाळेत नाव घातलं.

एका शिक्षकाला एकच विद्यार्थी, ही तिथली पद्धत. माझे मास्तर तिशीतले, माझ्याहून चांगले पंधरा वर्षांनी लहान, पण शेवटपर्यंत एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही-आम्ही केलं. पत्र्याच्या पडवीत एक लाकडी टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, एक छोटा फळा. दुपारी पाऊस पत्र्यावर असा काही आदळायचा की मास्तर क्रियापदाची रूपं ओरडून सांगायचे आणि मी ओरडून म्हणायचे. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, यांचं कडाक्याचं भांडण लागलंय.

जेवण मात्र गावात. तिन्ही त्रिकाळ. एका विद्यार्थ्याला एका आठवड्यासाठी एक घर, दुसऱ्या आठवड्याला दुसरं. गावातली वीस घरं या पाळीत होती. शाळा आमच्या फीमधून त्या घराला आठवड्याचे ठरलेले पैसे देई. गाव नवं होतं. पूर्वी एका मोठ्या कॉफीच्या मळ्यावर, तिथे त्याला फिंका म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या राबलेली ही माणसं. मळा सुटला, थकलेल्या मजुरीसाठी झगडा झाला, आणि शेवटी मिळालेल्या तुकड्यावर त्यांनी घरं बांधली. घराला परस, परसात कोंबड्या. कॉफीची झाडं मात्र रस्त्यापलीकडे, दुसऱ्याची. डोळा जाईल तिथवर कॉफी, आणि घरात पाहुण्याला कपात मिळते डब्यातल्या भुकटीची, पातळ, साखर घालघालून केलेली. मला नवल नाही वाटलं. हापूसची बाग राखणाऱ्या गड्याच्या घरी कुठला आंबा असतो?

पहाटे पाचला गावातली चक्की सुरू व्हायची. आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवायचा, सकाळी धुऊन, टोपल्यात घालून चक्कीवर न्यायचा. ओला मका दळून त्याचा गोळाच हातात येतो. आपल्या तांदळाच्या उकडीसारखाच. मी म्हटलं, हे तर आपलंच काम, आणि पहिल्याच दिवशी तोर्तिया थापायला बसले. पण परात नाही, पाट नाही. दोन तळहातांमध्येच टाळ्या वाजवल्यासारखी थापायची. माझी तोर्तिया एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला पापड. पोरं हसून लोळली. ती तव्यावर टाकली आणि कुत्र्याला दिली. कुत्र्याने खाल्ली, एवढाच काय तो मान राहिला.

जेवण झालं की उठताना ‘मुचास ग्रासियास’, खूप आभार, असं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘बुएन प्रोवेचो’ म्हणजे अंगी लागो, असं म्हणायचं, ही तिथली रीत. चार वर्षांचं पोरसुद्धा खाली उतरताना आईला ग्रासियास म्हणतं. मला पहिले काही दिवस ते जड गेलं. आमच्या आईला मी जेवल्यावर थँक्यू म्हटलं असतं तर तिने कपाळाला हात लावून बघितलं असतं, ताप तर नाही ना. आभार मानायचे ते परक्यांचे. आणि तरी आमच्या घरात एक माणूस होता जो प्रत्येक जेवणानंतर मोठ्याने ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचा. आमचे अण्णा, माझे वडील. कॅलिफोर्नियात माझ्या घरी, मी मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेली खिचडी खाऊनसुद्धा.

अण्णा वारावर जेवून शिकले. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं. खेड्यातल्या गरीब भिक्षुकाचा मुलगा शिकायला शहरात आला की सात घरं धरायची, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. १९५१ साली अण्णा रत्नागिरीला शाळेत आले तेव्हा त्यांना सहाच घरं मिळाली. बुधवार रिकामा राहिला. बुधवारी ते फुटाणे खायचे आणि वर पाणी प्यायचे. आयुष्यभर त्यांनी त्या घरांची नावं घेतली नाहीत, वारच घेतले. सोमवारचे वकील. शुक्रवारची म्हातारी, जी स्वतःच्या नातवंडांच्या पंगतीत बसवी. मंगळवारी ओटीच्या कोपऱ्यात पान, घरच्यांची जेवणं झाल्यावर, ताकभात, आणि तूप घरच्या मुलांना.

हे सांगताना एक गोष्ट गाळली तर ते खोटं होईल. ही घरं उघडली ती ब्राह्मणाच्या मुलाला. त्याला जेवू घातल्याचं पुण्य होतं. आमच्याच गावच्या महारवाड्यातला मुलगा तेवढाच भुकेला आणि कदाचित अण्णांहून हुशार असता, तरी त्याच्यासाठी सातही दिवस बुधवारच होते. अण्णा हे स्वतःच म्हणत, पण म्हणताना सुपारी जरा जोरात कातरत.

मी नऊ-दहा वर्षांची असताना रत्नागिरीत एका लग्नाला गेलो होतो. एक वयस्क, गोऱ्यापान बाई अण्णांजवळ आल्या, निरखून बघितलं आणि आनंदाने म्हणाल्या, “अरे, तू आमचा मंगळवार ना?” बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. अण्णा हसले, वाकून नमस्कार केला. पण लग्नात जेवले नाहीत. पोटात बरं नाही म्हणाले. परतताना एस्‌टी स्टँडवर त्यांनी फुटाणे घेतले.

तर मी अण्णांची मुलगी. अण्णांचा वार गरिबाने श्रीमंताघरी जेवायचा होता, माझा पैसेवालीने गरिबाघरी. आणि मीही नकळत तसंच बोलू लागले. पहिल्या आठवड्याची, दुसऱ्या आठवड्याची.

दुसऱ्या आठवड्याचं घर रस्त्याच्या टोकाला होतं. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात मजुरीला, घरी बाई आणि तीन मुलं. थोरली मुलगी तेरा वर्षांची. मला सकाळी अंडं मिळायचं, मुलांना काळ्या घेवड्याचं पिठलं म्हणावं तसं काहीतरी आणि तोर्तिया. धाकटा माझ्या अंड्याकडे बघत नसे. न बघण्याचं वळण त्याला लावलेलं होतं, आणि ते कळतच होतं. मी एकदा अर्धं अंडं त्याच्याकडे सरकवलं. बाईने काही न बोलता ते परत माझ्या ताटलीत घातलं. मंगळवारच्या घरी तूप घरच्या मुलांना होतं. इथे तूप मला. त्याच पंगतीचं दुसरं टोक, पण घास तितकाच अडकत होता.

थोरली सहावी पास झाली होती. पुढची शाळा खालच्या मोठ्या गावात. बसभाडं, बूट, वह्या. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. या जानेवारीत ती गेली नव्हती. ती माझी वही घेऊन बसायची, माझ्या चुका काढायची आणि न बोलता खोडून बरोबर लिहायची. अक्षर मोत्यासारखं. “पुढच्या जानेवारीत?” मी विचारलं. तिने आईकडे पाहिलं. आई तोर्तिया थापत राहिली.

शाळेने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुठल्याही घराला परस्पर पैसे किंवा वस्तू देऊ नका, द्यावंसं वाटलं तर सामायिक पेटीत टाका. मी मान डोलावली होती. रविवारी रात्री त्या घरचं शेवटचं जेवण झालं, ग्रासियास म्हटलं, आणि उठताना कपाखाली ५०० केत्साल ठेवून आले. पासष्ट-एक डॉलर. मुलीसाठी, असं एका चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठीतही लिंगाची चूक होती, ते नंतर कळलं. परतताना काळोखात मी गुणगुणत होते. बुधवार भरून काढल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी तिसऱ्या आठवड्याच्या बाईने कॉफी ओतता ओतता म्हटलं, “तुमचे पंचवीस मिळाले. ग्रासियास.”

मला वाटलं, माझं स्पॅनिश चुकतंय. परत विचारलं. सोमवारी संध्याकाळी बायकांची बैठक असते. त्या बैठकीत दुसऱ्या आठवड्याच्या बाईने माझ्या नोटा आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवल्या होत्या. वीस घरं, प्रत्येकी पंचवीस. तिलाही पंचवीस. चक्कीवर, पाणवठ्यावर, दुकानात, दिवसभर बायका भेटत होत्या आणि हसून म्हणत होत्या, ग्रासियास. कुणाच्या आवाजात टोचणी नव्हती. मला मात्र एकेक ग्रासियास ठेच लागल्यासारखं लागत होतं.

दुपारी मी मास्तरांसमोर बसले ती चिडूनच. त्यांनी फळ्यावर ‘देबेर’ हे क्रियापद लिहिलं. स्पॅनिशमध्ये ‘देबो’ म्हणजे मी देणं लागते, आणि पुढे दुसरं क्रियापद जोडलं की तेच ‘देबो’ म्हणजे मी अमुक केलं पाहिजे. कर्ज आणि कर्तव्य यांना शब्द एकच. “तुमच्या भाषेत?” त्यांनी विचारलं. मी विचार करू लागले आणि मलाच गंमत वाटली. आपल्याकडे ‘लागणे’. देणं लागतं, करावं लागतं. भूकही लागते, झोप लागते, ठेच लागते. आणि एखादी बाई माझी मावशी लागते. स्पॅनिशमध्ये भूक माणसाजवळ ‘असते’, आपल्याकडे ती येऊन लागते. मास्तरांनी ते सगळं आपल्या वहीत उतरवून घेतलं, मग मान वर करून म्हणाले, “मग तुम्हाला कळतं कसं, भूक लागली की कर्ज?”

मी त्यांना पाचशेंचं सांगितलं. त्यांना माहीत होतंच. सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, हा कुठला न्याय? एका मुलीचं वर्ष जाणार होतं ते वाचलं असतं. त्याऐवजी वीस घरांत पंचवीस-पंचवीस, त्यात कुणाचं काय होणार? साबण?

मास्तर बराच वेळ खडूशी खेळत राहिले. मग आजोबांबद्दल बोलू लागले. आजोबा फिंकावर जन्मले. १९३४ पर्यंत मजूर आगाऊ उचलीने बांधलेला असे. बापाची उचल मुलाच्या नावावर चढे. मग कायदा झाला, कर्जाची वेठ गेली, आणि त्याच वर्षी दुसरा आला, ज्याच्याकडे जमीन नाही किंवा थोडी आहे त्याने वर्षाकाठी शंभर ते दीडशे दिवस दुसऱ्याच्या कामावर गेल्याचं वहीत नोंदवून दाखवायचं, नाहीतर तो रिकामटेकडा, आणि रिकामटेकडा म्हणजे गुन्हेगार. तो कायदा १९४५ ला गेला. १९५२ ला जमीनवाटप सुरू झालं, १९५४ ला सरकार उलथलं आणि बरीचशी वाटलेली जमीनही परत गेली. हे मी पुस्तकातही वाचू शकले असते. पण मास्तर पुढे म्हणाले ते पुस्तकात नव्हतं.

“मालक वाईट नव्हता,” ते म्हणाले. “द्यायचा. बारशाला घोंगडी द्यायचा. कुणाचं पोर आजारी पडलं तर औषधाला द्यायचा. पण कुणाला द्यायचं ते तो ठरवायचा. ज्याची बायको हसून बोलायची, ज्याचं पोर गोड दिसायचं, त्याला. आजी सांगायची, दिवाळखोर वर्षातसुद्धा आम्ही उपाशीपोटी एकमेकांकडे बघत नसू, सगळे मालकाच्या हाताकडे बघत असू. मळा सुटल्यावर बायकांनी पहिली गोष्ट काय ठरवली असेल, तर पाळी. कुणाचं घर चांगलं, कुणाची मुलगी हुशार, हे पाहुण्याने ठरवायचं नाही.”

“पण ती मुलगी खरोखरच हुशार आहे,” मी म्हटलं.

“आहे ना,” मास्तर म्हणाले. “माझ्या बहिणीची मुलगीही आहे. तुमची पाळी त्या घरी आली नाही.”

पाऊस आला. पुढचं ऐकू येईना, आम्ही दोघं नुसतेच बसून राहिलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मास्तरांचं बरोबर होतं, हे कळत होतं, आणि पटत नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही. समोर एक मूल बुडतंय आणि मी म्हणायचं, थांब, आधी वीस मुलांची यादी करू, असं कुठे असतं का? हॉस्पिटलात आम्ही यादी करतो ते खरं, ज्याची गरज जास्त त्याला आधी. पण ती गरज आम्ही तपासून ठरवतो, कुणाचं अक्षर मोत्यासारखं आहे यावर नाही. आणि मी त्या मुलीला का दिले? गरजेसाठी? मास्तरांची भाची मला दिसलीच नव्हती. मला दिसली ती माझ्या ताटलीसमोर बसलेली. खरं तर मला अंडं गिळवत नव्हतं. पाचशे केत्साल मी त्या अंड्याचे मोजले. पानावरून उठताना अंगावर काही राहू नये, एवढ्यासाठी. घराला शाळेकडून पैसे मिळत होते, म्हणजे हिशेब चुकता होताच. पण अंडं हिशेबात नव्हतं, ते त्या बाईने आपल्या मनाने वाढलं होतं. आणि तेवढंच मला सहन झालं नाही.

अण्णांचं लग्नातलं न जेवणं मला तेव्हा, चाळीस वर्षांनी, जरा कळलं. आणि कपाखाली नोटा ठेवून मी त्या तेरा वर्षांच्या मुलीला काय केलं होतं, तेही. कुण्या परदेशी बाईचा दुसरा आठवडा. पुढे कधी भेटलो असतो तर मी आनंदाने धावत जाऊन म्हटलं असतं, अगं, तू तीच ना?

पण अण्णांचं दुसरंही खरं आहे. मंगळवारच्या त्या पानावर ते शिकले. मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, म्हणून मी नर्स झाले, म्हणून मी तिथे जाऊन बसले. ओटीच्या कोपऱ्यातलं असलं तरी पान होतं. समजा त्या बाईंनी ‘सगळ्याच गरीब मुलांना देता येत नाही तर कुणालाच नको’ असं म्हटलं असतं, तर अण्णांचे दोन बुधवार झाले असते. माझं मत विचाराल तर त्या वीस घरांनी मिळून ते पैसे मुलींच्या शाळेसाठी वेगळे काढायला हवे होते. पण हे मत घेऊन मी कुठल्या बैठकीत बसणार होते? बैठक त्यांची होती. मी पेटीत टाकले असते तर कदाचित ते तसंच झालंही असतं. पेटीत टाकले असते तर कुणी माझ्याकडे बघितलं नसतं, ही अडचण होती.

पुढचे तीन आठवडे मी जेवले. नीट जेवले. अंडं आलं तर अंडं खाल्लं, उठताना ग्रासियास म्हटलं, बुएन प्रोवेचो ऐकलं, आणि ताटली स्वतः धुतली. चौथ्या आठवड्याच्या घरी म्हातारीच्या पायाला जखम होती, ती रोज संध्याकाळी धुऊन बांधली. त्याबद्दल तिथे कुणी काही मनाई केली नव्हती. बातमी फिरली तशी बाकीच्या घरांतूनही माणसं येऊ लागली, तेव्हा त्यांचीही पाळी लावली. मुलगी चक्कीवर भेटायची. तिने माझ्याशी बोलणं सोडलं नाही. एकदा चिठ्ठीतली लिंगाची चूक तिने मला गंभीरपणे समजावून सांगितली.

निघायच्या दिवशी सकाळी बशीची वाट बघत रस्त्याकडेला उभी होते. दुसऱ्या आठवड्याची बाई आली, मागे मुलगी. बाईच्या हातात कागदी पिशवी, वास यायच्या आधीच कळलं, कॉफी. परसातल्या पाच-सात झाडांची, घरच्या तव्यावर भाजलेली, चक्कीवर दळलेली. माझे डोळे भरून आले. मी दोन्ही हात पुढे केले.

बाईने पिशवी हातात दिली आणि म्हणाली, “पंचवीस.”

माझ्याकडे पन्नासची नोट होती. मुलीने ती घेतली, एप्रनच्या खिशातून सुटे काढले, दहा, दहा, पाच, असे माझ्या तळहातावर मोजून ठेवले, आणि मी मोजून घेते का ते बघत उभी राहिली. मी मोजून घेतले.